महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरील पक्षीनिरीक्षण

महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरील पक्षीनिरीक्षण म्हणजे पालघर, ठाणे, मुंबई शहर, मुंबई उपनगर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सात जिल्ह्यांच्या समुद्रकिनाऱ्यावर, खाड्यांत व बेटांवर ऋतुमानानुसार आढळणाऱ्या पक्ष्यांचा अभ्यास व अवलोकन होय. दीर्घकाळ रूढ असलेल्या मोजणीनुसार या किनाऱ्याची लांबी सुमारे ७२० किलोमीटर आहे. युरोप व आशियाच्या उत्तर भागातून हिवाळ्यात दक्षिणेकडे येणाऱ्या पक्ष्यांच्या मध्य आशियाई उड्डाणमार्गावर हा किनारा वसलेला आहे. ठाणे खाडीतील रोहित पक्षी, अलिबागच्या पुळणींवरील कुरव व चिखल्या, रत्नागिरी-सिंधुदुर्गातील समुद्रगरुड आणि वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरील सुरय ही या किनाऱ्याची ठळक वैशिष्ट्ये आहेत.

अधिवास

किनारा एकसारखा दिसत असला तरी पक्ष्यांच्या दृष्टीने त्याचे अनेक भाग पडतात.

चिखलपट्टे: खाडीच्या मुखाशी नदीने आणलेला गाळ साचून ते तयार होतात. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या या चिखलात कृमी, शिंपले, लहान खेकडे व सूक्ष्म शैवाल विपुल असते. शिवडी, माहूल व ठाणे खाडीचा परिसर याचे उत्तम उदाहरण आहे.

कांदळवने: तिवर, चिप्पी, कांदळ इत्यादी खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या वृक्षांची ही वने आहेत. बगळे, खंड्या व पाणकावळे येथे विसावतात. पांढरी चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे.

पुळणी: डहाणू, बोर्डी, केळवे, आक्षी, मुरूड, गुहागर, तारकर्ली अशा वाळूच्या किनाऱ्यांवर लाटेच्या पुढे-मागे धावणारे लहान किनारपक्षी आणि थव्याने बसलेले कुरव दिसतात.

खाजणे व मिठागरे: भरतीचे पाणी शिरणाऱ्या या सखल जमिनी मोठ्या भरतीच्या वेळी पक्ष्यांना विसाव्याची जागा देतात. शेकाट्या, टिलवा व बदके येथे नेहमी आढळतात.

खडकाळ किनारा व बेटे: समुद्री बगळा खडकांच्या कपारींत मासे टिपतो. मनुष्यवस्तीपासून दूर असलेली बेटे समुद्रपक्ष्यांच्या विणीसाठी सुरक्षित असतात.

भरती-ओहोटी व निरीक्षणाची वेळ

किनाऱ्यावरील पक्ष्यांची दिनचर्या सूर्यापेक्षा समुद्रावर अधिक अवलंबून असते. येथे सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. त्यामुळे भरतीची वेळ दररोज सुमारे पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. ओहोटीत चिखल उघडा पडला की पक्षी दूरवर विखरून चरू लागतात. पाणी चढू लागले की ते हळूहळू काठाकडे ढकलले जातात आणि भरती पूर्ण झाल्यावर खाजणात, मिठागरांत किंवा उंच पुळणीवर एकत्र विसावतात. म्हणून चढत्या किंवा नुकत्याच उतरू लागलेल्या पाण्याची वेळ निरीक्षणास सर्वांत सोयीची असते. पूर्ण ओहोटीत पक्षी नुसत्या डोळ्यांना ठिपक्यांसारखे दिसतात.

कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा रूढ आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. उदाहरणार्थ, अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. अमावास्या व पौर्णिमेस ही वेळ मध्यान्ह व मध्यरात्रीच्या जवळपास येते. त्या दिवसांतील भरतीस उधाणाची भरती म्हणतात, तर अष्टमीच्या आसपासच्या भरतीस भांगाची भरती म्हणतात. उधाणाच्या दिवशी चिखलपट्टा सर्वाधिक उघडा पडतो व सर्वाधिक बुडतोही; त्यामुळे पक्ष्यांची हालचाल अधिक ठळक होते. प्रत्यक्ष भेटीपूर्वी मात्र अधिकृत भरती-ओहोटीचे कोष्टक पाहणे आवश्यक असते.

चोच व अन्न

एकाच चिखलात अनेक जातींचे पक्षी एकत्र चरताना दिसतात, तरी त्यांच्यात अन्नासाठी फारशी स्पर्धा होत नाही. त्याचे कारण चोचीच्या रचनेत आहे. आखूड चोचीचे चिखल्या पक्षी पृष्ठभागावरील भक्ष्य डोळ्यांनी हेरून धावत जाऊन टिपतात. मध्यम चोचीचे टिलवा व तुतवार चिखलाच्या वरच्या थरात चोच खुपसतात. पाणटिवळ्याची लांब सरळ चोच खोलवर जाते, तर कोरल पक्ष्याची खाली वळलेली लांब चोच खेकड्यांच्या बिळापर्यंत पोहोचते. उचाट पक्षी वर वळलेली चोच उथळ पाण्यात डावी-उजवीकडे फिरवून अन्न गोळा करतो. चमचा पक्ष्याची पद्धतही अशीच आहे, परंतु त्याची चोच टोकाशी चपटी असते.

रोहित पक्षी डोके उलटे करून चोच पाण्यात बुडवतो आणि जिभेच्या साहाय्याने पाणी आत-बाहेर करून चोचीतील बारीक गाळणीत अन्न अडकवतो. लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म शैवालावर जगतो, तर मोठा रोहित लहान कवचधारी जीव, कृमी व अळ्याही खातो. या अन्नातील कॅरोटीन गटातील रंगद्रव्यांमुळे त्यांच्या पिसांना गुलाबी छटा येते. पिल्ले राखी रंगाची असतात. थव्यात दिसणारे मळकट पक्षी आजारी नसून अल्पवयीन असतात.

ऋतुचक्र

आगमन (ऑगस्ट ते ऑक्टोबर): पावसाळा सरण्यापूर्वीच किनारपक्ष्यांचे आगमन सुरू होते. हिमालयापलीकडील उंच पठारांवर वीण करणारे चिखल्या पक्षी पहिल्या तुकड्यांत असतात. त्यांच्यामागून आर्क्टिक प्रदेशात वीण करणारे लहान टिलवे व तुतवार येतात. काही पक्ष्यांच्या अंगावर अद्याप विणीच्या काळातील तांबूस पिसे असतात. नंतर ती गळून हिवाळी राखी-पांढरा वेश येतो.

हिवाळा (नोव्हेंबर ते फेब्रुवारी): हा निरीक्षणाचा मुख्य हंगाम होय. तपकिरी डोक्याचा कुरव, काळ्या डोक्याचा कुरव, पाणटिवळा, कोरल, उचाट, थापट्या व तलवार बदक या काळात मोठ्या संख्येने दिसतात. दलदली भोवत्या व मासेमार कैकर हे शिकारी पक्षी खाड्यांवर घिरट्या घालतात. नोव्हेंबरपासून रोहित पक्ष्यांचे थवे ठाणे खाडीत येऊ लागतात.

परतीचा प्रवास (मार्च ते मे): परतण्यापूर्वी किनारपक्षी भरपूर अन्न खाऊन शरीरात चरबी साठवतात. या आठवड्यांत त्यांना वारंवार उडावे लागले तर साठवलेली शक्ती वाया जाते व पुढील हजारो किलोमीटरचा प्रवास धोक्यात येतो. एप्रिलमध्ये अनेक पक्षी पुन्हा विणीचा रंग धारण करतात. कुरवांची डोकी काळी-तपकिरी होतात व ओळख सोपी होते. रोहित पक्ष्यांची संख्या ठाणे खाडीत मे महिन्यापर्यंत टिकून राहते.

पावसाळा (जून ते सप्टेंबर): स्थलांतरित पक्षी गेल्यावर किनारा रिकामा होतो, असा समज आहे. प्रत्यक्षात बगळे व पाणकावळे याच काळात वसाहती करून घरटी बांधतात. वादळी वाऱ्यांमुळे खोल समुद्रात राहणारे बूबी, फ्रिगेट यांसारखे पक्षी कधीकधी किनाऱ्यावर थकून उतरतात. असा पक्षी आढळल्यास त्याला पुन्हा पाण्यात ढकलू नये. वन विभागास कळवावे.

प्रमुख स्थळे

ठाणे खाडी व ऐरोली: ठाणे खाडी रोहित पक्षी अभयारण्य ऑगस्ट २०१५ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १७ चौरस किलोमीटर असून त्यात कांदळवन व जलक्षेत्र या दोहोंचा समावेश आहे. मालवण सागरी अभयारण्यानंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य होय. २०२२ मध्ये ठाणे खाडीस रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वर व लोणार यांच्यानंतरचे हे महाराष्ट्रातील तिसरे रामसर स्थळ आहे. ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून भरतीच्या वेळेनुसार नौकाविहाराची सोय असते.

शिवडी: मुंबईच्या हार्बर मार्गावरील शिवडी स्थानकाच्या पूर्वेस असलेल्या धक्क्यावरून चिखलपट्टा दिसतो. १९९० च्या दशकापासून येथे लहान रोहित मोठ्या संख्येने येऊ लागले. शिवडी-माहूल खाडीची गणना महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांत होते. सुमारे २२ किलोमीटर लांबीचा शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू याच भागातून जातो. तो जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला.

भांडुप: पूर्व द्रुतगती मार्गालगतचा उदंचन केंद्राचा परिसर, त्याभोवतीची मिठागरे व कांदळवने मुंबईतील पक्षीनिरीक्षकांच्या विशेष परिचयाची आहेत. येथे गोड्या व खाऱ्या पाण्यातील दोन्ही प्रकारचे पक्षी एकत्र पाहता येतात.

नवी मुंबई व उरण: नेरूळ-सीवूड्स येथील तलाव व उरण तालुक्यातील पाणजे, फुंडे, भेंडखळ या पाणथळ जागा भरतीच्या वेळचे विसावे आहेत. खाडीतील चिखल पाण्याखाली गेला की रोहित व किनारपक्षी येथे येतात.

वसई व डहाणू: वसईजवळील भुईगाव व कळंब, तसेच उत्तरेकडील केळवे, डहाणू व बोर्डी येथील किनारे सपाट असल्याने ओहोटीचे पाणी फार दूर जाते. कुरव, सुरय व चिखल्या यांचे मिश्र थवे येथे दिसतात.

आक्षी व अलिबाग: अलिबागच्या दक्षिणेस असलेली आक्षीची पुळण हिवाळी किनारपक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. लांब तांबड्या चोचीने शिंपले उघडणारा काळा-पांढरा ऑयस्टरकॅचर हे येथील आकर्षण होय.

फणसाड व कर्नाळा: रायगड जिल्ह्यातील ही दोन्ही अभयारण्ये वनपक्ष्यांसाठी आहेत, तथापि किनाऱ्याच्या सान्निध्यामुळे एकाच सहलीत समुद्र व अरण्य या दोन्हींचे पक्षी पाहता येतात. कर्नाळा पक्षी अभयारण्य पनवेलजवळ असून फणसाड मुरूड व रोहा तालुक्यांच्या परिसरात आहे.

रत्नागिरी जिल्हा: वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, गुहागर व भाट्ये ही येथील उल्लेखनीय स्थळे आहेत. मासळी उतरवणाऱ्या बंदरांवर कुरव व ब्राह्मणी घारी गर्दी करतात. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड किनाऱ्यालगतच्या उंच वृक्षांवर मोठे घरटे बांधतो व वर्षानुवर्षे त्याचीच डागडुजी करतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने समुद्रगरुडांच्या संरक्षणाचे काम केले. त्याच ओघात २००२ च्या सुमारास वेळास येथे सागरी कासवांच्या संरक्षणाचा उपक्रम उभा राहिला.

सिंधुदुर्ग जिल्हा: देवगड, मालवण, तारकर्ली व कर्ली खाडी ही येथील प्रमुख स्थळे होत. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातील खडकाळ बेटांवर लगामी सुरय वीण करतात, तर तेथील गुहांत पाकोळीची एक जात लाळेने घरटी बांधते. या घरट्यांना परदेशांत खाद्य म्हणून मोठी किंमत मिळत असल्याने पूर्वी त्यांची चोरटी तोड होत असे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ती उघडकीस येऊन संरक्षणाचे प्रयत्न सुरू झाले. विणीच्या काळात या बेटांवर उतरणे पक्ष्यांना अपायकारक असते.

अंतर्गत जलाशयांशी संबंध

किनाऱ्यावर येणाऱ्या अनेक जाती केवळ किनाऱ्यापुरत्या मर्यादित नसतात. त्यांतील काही पक्षी गोदावरी खोऱ्यातील जलाशयांवर हिवाळा घालवतात. पैठणचा नाथसागर, नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर आणि परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातील पूर्णा नदीवरील येलदरी जलाशय ही अशी ठिकाणे आहेत. परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. परंतु येलदरीचा काठ आणि पाथरी, सोनपेठ, गंगाखेड या भागांतून वाहणाऱ्या गोदावरीचे पात्र हेच तेथील विद्यार्थ्यांसाठी किनाऱ्याचे काम करतात.

समुद्रकिनारा आणि जलाशयाचा किनारा यांत एक मूलभूत भेद आहे. समुद्राची ओहोटी दिवसातून दोनदा येते. जलाशयाची ओहोटी वर्षातून एकदाच येते. पावसाळ्यानंतर भरलेला जलाशय सिंचन व बाष्पीभवनामुळे उन्हाळ्यापर्यंत उतरत जातो व काठाचा गाळ हळूहळू उघडा पडतो. या ओल्या गाळावर तुतवार, चिखल्या, शेकाट्या व टिलवा चरतात. पाण्यावर वारकरी, हळदी-कुंकू बदक, तलवार बदक व थापट्या हे पाणपक्षी असतात. मोठ्या जलाशयांवर चक्रवाक व पट्टकादंब येतात. हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब किनाऱ्यापेक्षा अशा अंतर्गत जलाशयांवरच अधिक आढळतो.

उन्हाळ्यात नदीपात्रातील वाळूच्या बेटांवर नदी सुरय व कंठेरी चिखल्या जमिनीवरच अंडी घालतात. अंड्यांचा रंग वाळूत मिसळून जातो. त्यामुळे शत्रूपासून बचाव होतो, परंतु वाळू उपसणाऱ्या वाहनांखाली, गुरांच्या पायांखाली किंवा मोकाट कुत्र्यांमुळे ती सहज नष्ट होतात. धरणातून अवेळी सोडलेल्या पाण्यानेही ही घरटी वाहून जातात. गाळपेराची शेती, मासेमारी व पक्षी हे तिघेही एकाच उघड्या काठावर अवलंबून असल्याने स्थानिक ग्रामस्थांच्या सहभागाविना तेथे संरक्षण शक्य होत नाही.

संवर्धनाचे प्रश्न

किनारपक्ष्यांना दोन जागांची गरज असते: ओहोटीत चरण्यासाठी चिखल आणि भरतीत विसाव्यासाठी कोरडी किंवा उथळ जागा. चिखलपट्टा राखला, परंतु खाजणे व मिठागरे भराव टाकून बुजवली, तर पक्ष्यांचे निम्मे घर नष्ट होते. भरतीचे पाणी येण्याचे मार्ग अडले की पाणथळ जागा कोरड्या पडतात किंवा त्यांत साचलेल्या पाण्याचा दर्जा खालावतो. सीवूड्स येथील डीपीएस तलावाबाबत हा प्रश्न २०२४ मध्ये ऐरणीवर आला. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने सुमारे ३० एकरांच्या या तलावास संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली.

विसाव्याच्या जागांचा प्रश्न मानवी सुरक्षिततेशीही निगडित आहे. २० मे २०२४ रोजी रात्री घाटकोपर परिसरात उतरत्या विमानाची धडक बसून ३९ रोहित पक्षी मृत्युमुखी पडले. विमान सुखरूप उतरले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. ठरलेले विसावे नाहीसे झाल्यास थवे नव्या जागांच्या शोधात अनिश्चित मार्गांनी उडतात, असा पक्षीअभ्यासकांचा इशारा आहे. याउलट विमानतळाजवळच्या पाणथळ जागांमुळे धोका वाढतो, असाही युक्तिवाद केला जातो. या दोन्हींचा निवाडा पक्ष्यांच्या प्रत्यक्ष हालचालींच्या नोंदींवरच होऊ शकतो. त्यासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ मध्ये काही रोहित पक्ष्यांना उपग्रह-संपर्क यंत्रे बसवली. मुंबईचा किनारा व गुजरात यांमधील त्यांचे येणे-जाणे त्यातून उलगडू लागले.

सांडपाणी, प्लॅस्टिक, तेलगळती आणि पुळणींवर धावणारी वाहने हे इतर धोके आहेत. कायदेशीर संरक्षणात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२, १९९१ पासूनच्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचना आणि कांदळवनांची तोड रोखणारे मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश महत्त्वाचे आहेत. २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. लहान रोहित, कोरल व काळ्या शेपटीचा पाणटिवळा या जाती जागतिक पातळीवर संकटसमीप गणल्या जातात.

अभ्यास व लोकसहभाग

या किनाऱ्यावरील पक्ष्यांच्या पद्धतशीर नोंदी एकोणिसाव्या शतकापासून होत आल्या आहेत. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा त्यात मोठा वाटा आहे. डॉ. सलीम अली यांनी पक्षीनिरीक्षण सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवले, तर मारुती चितमपल्ली यांनी पक्षिकोशाद्वारे पक्ष्यांची मराठी नावे संकलित केली. चितमपल्ली यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर व सलीम अली यांचा जन्मदिन १२ नोव्हेंबर यांना जोडून महाराष्ट्रात २०२० पासून शासकीय स्तरावर पक्षी सप्ताह साजरा होतो. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत हौशी निरीक्षकही भाग घेतात.

नवशिक्या निरीक्षकास दुर्बीण, वही, भरतीचे कोष्टक व मळकट रंगाचे कपडे एवढे साहित्य पुरेसे असते. नोंदीत दिनांक, वेळ, ठिकाण, भरतीची स्थिती, जात व अंदाजे संख्या लिहावी. एकाच जागेची वर्षानुवर्षे ठेवलेली साधी नोंद ही अनेक ठिकाणी एकदा दिलेल्या भेटींपेक्षा अधिक उपयुक्त ठरते, कारण पक्षी घटले की वाढले हे तिच्यावरूनच कळते. चिखलात उतरू नये. तो वरून घट्ट दिसला तरी माणूस कमरेइतका रुतू शकतो आणि चढती भरती परतीची वाट बंद करते. छायाचित्रासाठी थवा उडवू नये, घरट्याजवळ जाऊ नये व दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचे नेमके ठिकाण जाहीर करू नये.